चार नंबरचं सील वाढलं

आमचं युनिट कुठं होतं ते मी सांगणार नाही. नंबरही सांगणार नाही. तशी सही करून आलोय. माझ्या बायकोला, सुनंदाला, लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी सांगितलेलं नाही. ती म्हणते, "तुमी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, असं कोन म्हनलं तुमाला?"

एवढंच सांगतो की ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी फौजेत नाईकच्या हुद्द्यावर होतो आणि गाडी चालवायचो. आमच्या गाड्यांतून जे जायचं त्याला कागदावर 'स्टोअर्स' म्हणत. अणुबॉम्ब हा शब्द त्या पोस्टिंगमध्ये मी एकदाही कोणाच्या तोंडून ऐकला नाही. साबण, बूट आणि सतरंज्या यांनाही फौजेत स्टोअर्सच म्हणतात. पण सतरंज्यांच्या पुढेमागे बंदुकांच्या गाड्या चालत नाहीत, हे सातवी नापासालाही कळतं. मी तर बारावी पास होतो. दुसऱ्या प्रयत्नात का होईना.

पद्धत अशी होती. एका वेळी पाच गाड्या निघायच्या. पाचही एकाच रंगाच्या, पाचांवर एकसारखी लोखंडी पेटी, वजन एकसारखं, वरची ताडपत्रीही एकसारखी. त्यांतल्या एकाच पेटीत खरं सामान असायचं. बाकी चारांत वजन भरायला काँक्रीट. कधी कधी पाचांतही काँक्रीटच, कारण ती नुसती रंगीत तालीम असायची. कोणत्या पेटीत काय, ते ड्रायव्हरला माहीत नसायचं. कॉन्व्हॉय कमांडर असलेल्या मेजर साहेबांना तरी माहीत होतं का, याची मला आजही शंका आहे.

यावर नावं ठेवली भानुदासनं. खऱ्या पेटीला तो 'नवरी' म्हणायचा आणि काँक्रीटच्या पेट्यांना 'करवल्या'. सारखं नटून नवरीच्या मागंपुढं करायचं, पण हार काही त्यांच्या गळ्यात पडत नाही. हरियाणाची पोरंसुद्धा 'करवली' म्हणायला लागली. अर्थ त्यांना शेवटपर्यंत कळला नाही.

भानुदास पुणतांब्याचा, मी कोल्हारचा. त्याच्या गावाला गोदावरी, माझ्या गावाला प्रवरा. नदी दोघांच्याही दाराशी होती, पण पोहायला तोच शिकला. नगरला भरतीच्या मैदानावर आमची पहिली भेट झाली. सोळाशे मीटरला तो पहिला आला आणि मी सातवा. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तो गूळ-शेंगदाणे खात बसला होता. म्हणाला, "ये, बस. घे थोडं. तू लई लांबून आल्यावानी दिसतोस." तेव्हापासून मी त्या माणसावर जळत होतो. मित्र होता, जिवाला जीव देणारा होता, आणि मी जळत होतो. दोन्ही एकाच वेळी जमतं. करून बघा.

नेमबाजीत त्याच्या गोळ्या वर्तुळात, माझ्या वर्तुळाच्या आसपास. वर्दी त्याच्या अंगावर शिवल्यासारखी बसायची, माझ्या अंगावर वाळत घातल्यासारखी. आणि सर्वांत वाईट म्हणजे सुनंदाला बघायला माझ्या आधी तो गेला होता. पोहे खाऊन आला होता. पत्रिका जुळली नाही म्हणून ते स्थळ आमच्याकडं आलं. पुढं त्याचं लग्न मंगलशी झालं, सगळं नीट झालं, पण कधी माझ्याशी वाद झाला की सुनंदा ताटात भाकरी टाकता टाकता म्हणायची, "एक पत्रिका काय जुळली न्हाई बाई!" आणि हसायची. मी भाकरी गिळायचो.

तर मला पक्कं वाटायचं की नवरी नेहमी भानुदासच्या गाडीवर देतात. पुरावा काही नव्हता. पण मी साहेब असतो तर त्यालाच दिली असती, हाच पुरावा. आणि माझ्या मागं कायम करवली. दोन वर्षं मी देशाच्या संरक्षणासाठी काँक्रीट हिंडवतोय, असं मी मनात धरलं होतं.

त्या दिवशी सकाळी सहाला हुकूम आला. पाच गाड्या, पुढं-मागं एस्कॉर्ट. भानुदासची गाडी चार नंबर, माझी पाच. रस्ता सांगणार नाही, पण त्यातला एक तुकडा आमच्या नगर-मनमाड रोडचा होता. त्या रोडवर फौजेच्या गाड्या कोणाला नव्या नाहीत. नगरला कॅम्प आहे. गाड्या दिसल्या की पोरं हात हलवतात आणि म्हशी हलत नाहीत.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही कोल्हारमधून गेलो. माझ्या स्वतःच्या गावातून. थांबायचं नाही, हॉर्न नाही, काच खाली करायची नाही. एसटी स्टँडसमोर सुनंदा उभी होती. हिरवी साडी, हातात पिशवी, माहेरी निघालेली असणार. मी येणार हे तिला माहीत नव्हतं. आमच्या गाड्यांत पन्नास-साठ मीटरचं अंतर असायचं. मी लांबून बघितलं तर ती चार नंबरच्या गाडीकडं बघून हात हलवत होती. चांगला खांद्यापासून हात हलवत होती. मी ताठ बसलो. चेहरा तयार केला. माझी गाडी तिच्यासमोर आली तेव्हा ती खाली ठेवलेली पिशवी उचलायला वाकली होती.

मला तिची पाठ दिसली.

पुढची पन्नास मिनिटं मी काय विचार करत होतो ते लिहिण्यासारखं नाही. गाडी मात्र नीट चालवली.

दहा वाजून दहा मिनिटांनी घाट लागायच्या आधी पाच मिनिटांचा हॉल्ट होता. कोणता घाट ते सोडा. हॉल्टचा नियम असा की ड्रायव्हरनं स्वतःच्या गाडीचं सील स्वतः तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणून. मागच्यानं उतरून पुढच्याचं तपासायचं, पुढच्यानं सीटवरच बसून राहायचं. म्हणजे चार नंबरचं सील माझ्याकडं.

हे सील म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटी गाडीला चार साखळ्यांनी आवळलेली असते. प्रत्येक साखळी ताणायला एक मोठा स्क्रू, त्याला आम्ही टाइटनर म्हणायचो. टाइटनर फिरू नये म्हणून त्यातून बारीक तार ओवून तिला शिशाचं सील मारतात. तार शाबूत, तर साखळी ताठ. तार तुटली, तर टाइटनर धक्क्यानं उलटा फिरलाय आणि साखळी ढिली पडली आहे. मग गाडी जागची हलवायची नाही. आधी आवळायची, नवं सील मारायचं, मगच पुढं.

मी चार नंबरच्या केबिनपाशी आलो. भानुदासनं मान बाहेर काढली.

"वैनींनी हात केला बघ मला. तुला केला का न्हाई?"

"गप बस."

"मंजे न्हाई केला." तो खिदळला. "जाऊ दे. पत्रिकेचा दोष हाय."

मी मागं गेलो. डाव्या बाजूच्या मागच्या साखळीची तार तुटलेली होती. सील लोंबत होतं.

आणि मला बरं वाटलं.

हे वाक्य लिहायला मला सतरा वर्षं लागली, म्हणून एकटंच ठेवलंय. मला बरं वाटलं, कारण सील भानुदासच्या गाडीचं होतं. पहिल्या नंबरानं पळणाऱ्या, वर्तुळात गोळ्या मारणाऱ्या माणसाची साखळी ढिली निघाली होती. आता त्याच्यामुळं सगळा कॉन्व्हॉय अडणार, त्याला चार शब्द ऐकावे लागणार. हे वाटल्याची मला लगेच लाज पण वाटली. म्हणून मी ठरवलं की रिपोर्ट जरा सौम्य शब्दांत द्यायचा.

आता आमच्याकडं एक रीत आहे ती तुम्हाला माहीतच आहे. अभद्र तोंडानं बोलायचं नाही. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी पिचली तर ती 'वाढली' म्हणायचं. 'तुटली' म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. आणि समोर तर नवरी होती. निदान माझ्या समजुतीप्रमाणं होती. नवरीच्या समोर 'तुटलं' कसं म्हणायचं?

सील तपासणाऱ्याच्या हातात वेगळा रेडिओ असायचा, तो फक्त पुढच्या जीपशी बोलायचा, आणि तिथं सुभेदार साहेब होते. ते तमिळनाडूचे. त्यांचं हिंदी पलटणीत शिकलेलं, माझंही तसंच. दोघांचंही उसनं.

"चार नंबर, सील बताओ."

मी म्हणालो, "साहब, चार नंबर का सील बढ़ गया है."

"क्या?"

"बढ़ गया है, साहब. पीछे बायाँ."

थोडा वेळ नुसती खरखर. मग त्यांचा आवाज तुटक तुटक आला. "...कोई बात नहीं. रहने दो. चलो."

मी तिथंच उभा राहिलो. तार तुटलेली असताना चला म्हणतायत? नियमात बसत नव्हतं. परत विचारायला हवं होतं. बटण दाबायचं आणि म्हणायचं, साहब, कन्फर्म करो. दोन सेकंदांचं काम. मी ते केलं नाही. माझ्या मनात असं आलं की बघा, भानुदासची गाडी म्हटल्यावर साहेबसुद्धा नियम सोडतात. माझी असती तर सगळ्यांसमोर उलटा टांगला असता.

परत येताना भानुदासनं विचारलं, "ठीक हाय का रं?"

"सायबाला सांगितलंय," मी म्हणालो.

काय सांगितलंय ते त्यानं विचारलं नाही. माझ्यावर त्याचा भरवसा होता. दहा वाजून पंधरा मिनिटांनी आम्ही निघालो.

घाट उतरायला लागल्यावर तिसऱ्या वळणावर एक कांद्याचा टेम्पो समोरून चुकीच्या बाजूनं आला. चार नंबरनं ब्रेक मारला. भानुदासनं गाडी वाचवली, टेम्पोही वाचवला. दुसरा कोणी असता, आणि दुसरा कोणी म्हणजे मीच, तर दोन्ही दरीत गेले असते. पण ढिल्या साखळीनं पेटी सरकली. डावीकडं, दरीच्या बाजूला. गाडीच्या कडेचा फळका फुटला आणि पेटीचा मागचा कोपरा बाहेर लोंबायला लागला. दहा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. घड्याळ मी बघितलं, कारण तशी सवय लावलेली असते.

घाटात रस्ता वळून पुन्हा आमच्याच खाली येत होता. तिथं आमच्या एस्कॉर्टनं ट्रॅफिक अडवलं होतं. बरोबर पेटीच्या खाली एक एसटी उभी होती. भरलेली. मागं गाड्यांची रांग, पुढं एस्कॉर्टची जीप. तिला ना पुढं जाता येत होतं ना मागं.

ट्रेनिंगमध्ये साहेबांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं की पेटी पडली तर तो मोठा स्फोट होत नाही. तशी व्यवस्था असते. पण आत साधी स्फोटकाची दारू असते, ती पेटू शकते, आणि मग जे धुळीसारखं पसरेल ते गोळा करायला कुठलाच झाडू नाही. त्यामुळं आम्हाला दोनच गोष्टी घोकून घेतलेल्या होत्या. पडू द्यायचं नाही. आणि पडणारच असेल तर सगळ्यांनी मागं व्हायचं.

रेडिओवर मेजर साहेब आले. "चार नंबर, स्थिति?"

भानुदास म्हणाला, "सर, लोड लटका है. नीचे सिविल बस है."

"होल्ड होगा?"

"पता नहीं, सर."

तो केबिनमधून उतरला, गाडीच्या मागं-पुढं बघून आला, चाकांखाली दगड लावले आणि गाडीवर चढला. पेटी आणि केबिन यांच्यामधल्या फटीत उतरला. माणूस आडवा मावेल एवढीच ती फट. डावीकडच्या पुढच्या साखळीचा टाइटनर तिथूनच हाताशी येत होता. तो आवळला तर पेटी एकेक बोट आत येणार होती.

मी माझ्या गाडीची जादा साखळी घेऊन पळत गेलो.

"दत्त्या, चेन दे."

"सायेब येऊ दे."

"चेन दे म्हनतो ना."

"भान्या, नवरी हाय का रं ती?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागावला नाही. "नवरी हाय का करवली, ते इचारायची ही येळ हाय व्हय? खाली एसटी हाय. दे."

मी दिली. त्यानं ती पेटीच्या कडीत अडकवली, दुसरं टोक माझ्याकडं फेकलं, ते मी उजव्या बाजूच्या हुकात टाकलं. तेवढ्यात सुभेदार साहेबांचा आवाज आला. "सब पीछे! दो सौ मीटर पीछे!"

मी मागं आलो. हुकूम होता, हे खरं. भीती वाटली, हेही खरं. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर वळून बघितलं, तर भानुदास फटीतच होता.

सुभेदार ओरडले, "भानुदास, पीछे!"

तो म्हणाला, "दो चक्कर बाकी है, साहब."

आयुष्यात त्याचा मला पुष्कळ गोष्टींचा हेवा वाटला. त्यातल्या बहुतेक आता विसरून गेलोय. ती वीस-पंचवीस पावलं मात्र विसरलेलो नाही. ती मी चाललो आणि तो चालला नाही.

खाली आमची पोरं एसटीतून माणसं उतरवत होती. म्हाताऱ्या बायका, बोचकी, कोंबडीची एक डाल. वीस मिनिटांच्या वर वेळ लागला. तेवढा वेळ भानुदास टाइटनर आवळत होता. दोन चक्कर म्हणाला होता, कितीतरी जास्त झाले असतील. पेटी इंच-इंच आत येत होती. अकरा वाजून सहा मिनिटांनी जुन्या साखळीचा हुक निसटला. सगळी पेटी नव्या साखळीवर आली, आतल्या बाजूला झोकली आणि केबिनला भिडली. खाली पडली नाही.

भानुदास मधे होता.

त्याला पुणतांब्याला आणलं तेव्हा मी बरोबर होतो. सुभेदार साहेबही होते. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. तार तुटल्याचं मी या माणसाला सांगितलं होतं आणि हा 'कोई बात नहीं' म्हणाला होता. चौकशीत मी हे सांगणार होतो. त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला नंतर कळलं. त्यांना वाटत होतं, सील शाबूत असताना साखळी ढिली पडलीच कशी.

अंगणात मंगल बसली होती. एक म्हातारी पुढं झाली आणि म्हणाली, "हिच्या बांगड्या वाढवा गं." दुसरीनं मंगलचा हात धरला. दगडावर काच वाजली.

सुभेदार माझ्या कानाशी म्हणाले, "क्या बोल रही है?"

"चूड़ी बढ़ाने को बोल रही है, साहब."

"बढ़ा कहाँ रही है? तोड़ रही है."

"हमारे में तोड़ने को बढ़ाना बोलते हैं. टूटा बोलना अच्छा नहीं..."

माझं वाक्य तिथंच थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "मैं समझा, एक सील ज़्यादा लगा है. मैंने बोला, ज़्यादा है तो कोई बात नहीं."

'ज़्यादा है' हे खरखरीत गेलं होतं. मला उरलेलंच ऐकू आलं होतं.

तिकडं म्हातारीनं मंगलचा दुसरा हात धरला, तेव्हा भानुदासचे वडील, तात्या, उठले. "बास. एक वाढली ती लई झाली. माजा ल्योक गेला त्यात ह्या पोरीच्या हातानं काय केलं?" बाया मागं सरकल्या. मंगलच्या दुसऱ्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या.

युनिटला परतल्यावर सुभेदार साहेब आणि मी दोघं मिळून मेजर साहेबांसमोर उभे राहिलो आणि सगळं सांगितलं. चौकशी झाली. माझ्या जबाबाचं इंग्रजी करणाऱ्या क्लार्कनं तीनदा विचारलं की सील वाढलं म्हणजे किती झालं. मला रेकॉर्डवर ताकीद मिळाली, हवालदारकी तीन वर्षं पुढं गेली. कमीच मिळालं. त्यानंतर युनिटमध्ये नवा हुकूम निघाला की सीलचा रिपोर्ट फक्त 'ओके' किंवा 'ब्रोकन', दोनदा म्हणायचा, समोरच्यानं दोनदा परत म्हणायचा. तिसरा शब्द नाही. हिंदी नाही, मराठी नाही, तमिळ नाही. हुकुमावर भानुदासचं नाव नव्हतं. मी मात्र तो रिपोर्ट देताना दर वेळी त्याचंच नाव घेतल्यासारखा द्यायचो.

सुट्टीवर आलो तेव्हा सुनंदाला विचारलं, "त्या दिवशी स्टँडवर भानुदासला हात केलास ना?"

"कोनाला?" तिला आठवावं लागलं. "ती मिल्ट्रीच्या गाड्यांची रांग? मला काय म्हाईत आत कोन हाय! मी फौजेच्या समद्याच गाड्यांना हात करते. येखाद्या गाडीत तुमी असाल म्हनून. चार गाड्यांना केला, मग एसटी आली."

मी उठून बाहेर गेलो.

आता मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. नागापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे. साखर आहे, टक्कल आहे. भानुदास बत्तिसाचाच आहे, केस काळे, वर्दी शिवल्यासारखी. फोटोतसुद्धा माझ्या पुढंच.

तात्यांनी शेताच्या बांधावर त्याच्या नावाचा एक दगड उभा केलाय. सरकारी पत्रात 'कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू' एवढंच होतं. जागा नाही, सामान नाही. त्यावरून कोणीतरी पारावर म्हणालं, "डायवर हुता, अ‍ॅक्सिडेंटात गेला. त्यात काय एवढं?" ते तात्यांच्या कानावर गेलं आणि तिथंच बसलं. मी दर वर्षी त्या तारखेला जातो. अकरा वाजून सहा मिनिटांनी आम्ही दगडाला हार घालतो, नारळ देतो. आणि दर वर्षी तात्या मला एकच विचारतात, "दत्ता, त्या गाडीत खरं काय हुतं का रं? का उगाच गेला?"

दर वर्षी मी म्हणायचो, "तात्या, सही केलीय. सांगता येत न्हाई." खरं तर मलाही माहीत नाही. मी कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. काँक्रीट असेल. नवरी माझ्याच गाडीवर असेल, आणि मी तिच्या पुढ्यात बसून दुसऱ्याच्या नशिबावर जळत असेन. सगळं शक्य आहे.

आणि दर वर्षी तात्या माझ्या हातात नारळ द्यायचे. "घे, वाढव."

मी म्हणायचो, "फोडतो, तात्या."

"फोडतो काय? वाढवतो म्हन."

"फोडतो."

जमलेली माणसं हसायची. फौजेत राहून हा रीत विसरला, म्हणायची.

या वर्षी तात्यांना चालवत नव्हतं. मंगलनं त्यांना खुर्चीत बसवून बांधावर आणलं होतं. त्यांनी विचारलं, "दत्ता, ते खरं हुतं का करवली हुती?" भानुदासचा शब्द त्यांनाही माहीत होता.

मी म्हणालो, "तात्या, पेटीचं मला म्हाईत न्हाई. पन खाली एसटी हुती, भरलेली. ती खरी हुती. सगळी मानसं उतरली. एकालाबी खरचटलं न्हाई."

मंगल माझ्याकडं बघत होती. मग मी बाकीचंही सांगितलं. सील, तार, स्टँडवरचा हात, मला बरं वाटलेलं, आणि तो शब्द. सुभेदारांनी काय ऐकलं ते. तात्यांच्याच अंगणात मला ते कसं कळलं ते. वाक्यं छोटी छोटी आली. रिपोर्ट देतात तशी.

झाल्यावर मी उभा राहिलो. बसा कोणी म्हणालं नाही.

मंगलनं विचारलं, "आमच्या ह्यांना सांगितलं नव्हतं का? तार तुटल्याचं?"

"न्हाई वैनी. सायबाला सांगितलंय, एवढंच म्हनलो."

तिनं मान हलवली. कळलं, एवढंच. माफ केलं असं त्यात काही नव्हतं, आणि मी तसं समजूनही घेतलं नाही.

तात्यांनी घड्याळ विचारलं. अकरा वाजून पाच झाले होते. त्यांनी मांडीवरचा नारळ उचलला. तो माझ्यापुढं धरला. दर वर्षीचा शब्द त्यांच्या ओठावर आलेला मला दिसला. तो त्यांनी उच्चारला नाही.

म्हणाले, "फोड."

नाईक भानुदास. मुक्काम पुणतांबा. चार नंबर गाडी. अकरा वाजून सहा मिनिटं. पेटी पडली नाही.